जीडीबीच्या पॅचला मार्क देण्याआधी

प्रति,
विभागप्रमुख, संगणक व माहिती तंत्रज्ञान विभाग,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय : अंतिम वर्षाच्या प्रकल्पातील ‘किमान एक पॅच मर्ज’ ही अट काढून तिच्या जागी पॅच रिव्ह्यूचे काम ठेवणेबाबत

सप्रेम नमस्कार,

ओपन सोर्स प्रकल्पात एक तरी पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला पाहिजे, तरच प्रकल्पाचे पूर्ण मार्क, अशी अट काही विभागांनी घातली आहे. हेतू चांगला आहे, पण अट चुकीच्या टोकाला बांधली आहे. जीडीबी (जीएनयू डीबगर) सारख्या, चालत्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला मदत करणाऱ्या डीबगरला पॅचचा तुटवडा नाही. आलेला पॅच उघडून, बिल्ड करून (कोडपासून प्रोग्राम तयार करून), मोडून बघणारी माणसे तिथे कमी आहेत. शिवाय मर्ज होणे विद्यार्थ्याच्या हातात नसते, आणि पॅच स्वीकारणारा मेंटेनर सेमिस्टरच्या तारखेला बांधील नसतो. मग मुले सोपी वाट धरतात: कॉमेंटमधले स्पेलिंग, मॅन्युअलमधला स्वल्पविराम. त्या प्रत्येक स्वल्पविरामासाठी पलीकडे कोणीतरी फुकटात अर्धा तास खर्च करतो.

आमची मागणी एवढीच आहे की एका मर्जऐवजी दुसऱ्यांच्या चार पॅचचा नीट रिव्ह्यू मागा. तो लॅबमध्ये होतो, वेळापत्रकात बसतो आणि त्याचे पुरावे फाइलमध्ये राहतात, त्यामुळे मार्क देणाऱ्यालाही चाचपडावे लागत नाही. तो कसा करायचा आणि मुले कुठे अडकतील, हे पुढे लिहितो. कमांड इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

पहिला अडथळा मशीनचा. जीडीबीची सुरुवात १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सी भाषेत केली. आता तो सी++ मध्ये आहे: २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून बिल्डला सी++११ लागते, २०२४ च्या १५ पासून सी++१७. लॅबमध्ये अजून उबुंटू १८.०४ असेल तर त्यावरच्या जीसीसी ७ या कंपायलरशी झगडत बसू नका, मशीन नवीन करून घ्या. जीसीसी ९ किंवा त्यानंतरचा असला की काम भागते. सोबत बायसन, फ्लेक्स, टेक्सइन्फो, डिजागनू, जीएमपी, एमपीएफआर, एक्सपॅट आणि पायथनच्या डेव्हलपमेंट फाइल हव्यात. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते, कारण त्या नसल्या तरी बिल्ड रडत नाही. पायथन नसेल तर पायथनच्या टेस्ट ‘अनसपोर्टेड’ म्हणून मुकाट्याने बाजूला पडतात. मुलगा सांगतो ‘एकही फेल नाही’, आणि त्याचे म्हणणे खरेही असते, कारण टेस्ट चाललीच नाही. एक्सपॅट नसेल तर रिमोट टार्गेटने (दुसऱ्या मशीनवर डीबग होणाऱ्या प्रोग्रामच्या बाजूने) पाठवलेले एक्सएमएल वर्णन जीडीबीला वाचता येत नाही, आणि जीडीबीसर्व्हरच्या (त्या बाजूला चालणाऱ्या जीडीबीच्या साथीदार प्रोग्रामच्या) टेस्ट पॅचशी संबंध नसलेल्या कारणाने पडतात.

बिल्ड सोर्सच्या फोल्डरमध्ये करू नका. शेजारी वेगळे फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवा. जीडीबी आणि बायनयुटिल्स एकाच रिपॉझिटरीत राहतात, म्हणून ‘डिसेबल-बायनयुटिल्स’, ‘डिसेबल-एलडी’, ‘डिसेबल-गॅस’, ‘डिसेबल-जीप्रॉफ’ हे पर्याय द्यायचे आणि ‘मेक ऑल-जीडीबी’ करायचे. नको ते बांधण्यात लॅबचा तास जात नाही. कंपायलरला ‘-जी३ -ओ०’ सोबत ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_डीबग’ हा मॅक्रोही द्या. व्हेक्टरच्या हद्दीबाहेरचे वाचन आणि कालबाह्य इटरेटर मग जागच्या जागी पकडले जातात. एरवी ते नशिबाने चालून जातात.

पॅच लावण्याआधी कोऱ्या मास्टरवर (पॅच नसलेल्या मूळ कोडवर) टेस्टसूट, म्हणजे टेस्टचा सगळा संच, एकदा चालवून त्याची ‘जीडीबी.सम’ ही निकालांच्या यादीची फाइल जपून ठेवायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर गोंधळतात, कारण कोऱ्या मास्टरवरही काही टेस्ट पडतातच. कुठे कंपायलर वेगळा, कुठे कर्नल वेगळा. पॅच लावल्यावरच्या यादीत चार फेल दिसले, एवढ्याने काहीच कळत नाही. दोन्ही यादी सॉर्ट करून डिफ काढल्यावर जो फरक उरतो तोच पॅचचा. मशीन तेच हवे, कंपायलर तोच, आणि बोर्डही (टेस्ट कशावर चालवायची ती मांडणी) तोच. फरकात एखादी टेस्ट दिसली तर ती एकटी तीन वेळा चालवा. जीडीबीत थ्रेड आणि सिग्नलच्या काही टेस्ट लहरी आहेत.

लॅबमध्ये अटॅचच्या (आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला जीडीबी जोडण्याच्या) टेस्ट चालत नाहीत अशी तक्रार येईल. उबुंटूवर यामा नावाचे सुरक्षा मॉड्यूल ‘पीट्रेस_स्कोप’ १ वर ठेवते, म्हणजे जीडीबीने स्वतः सुरू केलेल्या (चाइल्ड) प्रोसेसखेरीज इतर प्रोसेसला साध्या युजरला अटॅच होता येत नाही. टेस्टच्या काळापुरते ते ० करावे लागते, आणि त्यासाठी रूटचा (ॲडमिनचा) अधिकार हवा. डॉकरमध्ये काम करणार असाल तर कंटेनर सुरू करतानाच ‘सिस_पीट्रेस’ ही परवानगी द्या आणि सेककॉम्पचे फिल्टर सैल करा. नाहीतर ‘ॲड्रेस स्पेस रँडमायझेशन बंद करता आले नाही’ ही वॉर्निंग मध्येच टपकते आणि आउटपुट जसेच्या तसे जुळवणाऱ्या टेस्ट तिच्यामुळे पडतात.

पॅच लावायला ‘गिट ॲम’. तो लागला नाही तर ‘-३’ देऊन बघा, कारण पाठवणाऱ्याचा पाया जुना असू शकतो. तरीही ‘करप्ट पॅच’ म्हणत असेल तर बहुधा वेबमेलमधून चिकटवून पाठवलेला असतो आणि लांब ओळी मध्येच तुटलेल्या असतात. अशा वेळी हाताने दुरुस्त करत बसू नये. ‘गिट सेंड-ईमेल’ने परत पाठव, असे सांगावे. पाच पॅचची मालिका असेल तर प्रत्येक पायरीवर बिल्ड व्हायला हवे. तिसऱ्यावर मोडते आणि चौथ्यावर जुळते असे झाले, तर वर्षभराने बग शोधायला बायसेक्ट करणारा (जुन्या आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या करत तपासणारा) नेमका तिसऱ्यावर येऊन अडकतो.

आता कोड वाचणे. जीएनयूच्या शैलीचे नियम आहेत: कंसाआधी स्पेस, आठ स्पेसचा एक टॅब, ८० कॉलमच्या आत ओळ, कॉमेंटच्या शेवटी पूर्णविराम आणि दोन स्पेस, पॉइंटरची ‘नलपीटीआर’शी उघड तुलना. मुले याच्यावरच तुटून पडतात, कारण हे दिसायला सोपे असते. शैलीचे शेरे शेवटी द्या. आधी विचारायचा प्रश्न असा: ही ओळ होस्टबद्दल बोलते की टार्गेटबद्दल?

डीबगर ज्या मशीनवर चालतो आणि ज्या प्रोग्रामकडे बघतो, ती दोन वेगळी मशीन असू शकतात. कॉलेजमध्ये दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतात, म्हणून ही चूक तिथे दिसतच नाही. समजा, पॅचमध्ये टार्गेटच्या मेमरीतून चार बाइटची लांबी वाचायची आहे. मुलाने ३२ बिटचे एक अनसाइन्ड व्हेरिएबल घेतले, त्याचा पॉइंटर ‘रीड_मेमरी’ला दिला आणि चार बाइट थेट त्यात भरून घेतले. लॅपटॉपवर काम चोख. आता हाच जीडीबी जीडीबीसर्व्हरमार्फत एस३९०एक्स या आयबीएम मेनफ्रेमवरच्या प्रोग्रामला जोडा. ते मशीन बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवते. तिथे १ हा आकडा ००, ००, ००, ०१ असा पडलेला असतो. लिटल-एंडियन होस्ट तेच चार बाइट उलटे वाचतो आणि त्याला लांबी दिसते १,६७,७७,२१६. मग तो एका बाइटच्या ऐवजी १६ मेगाबाइट वाचायला जातो, आणि वापरणाऱ्याला ‘कॅनॉट ॲक्सेस मेमरी’ दिसते. तो बिचारा आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. योग्य मार्ग ‘रीड_मेमरी_अनसाइन्ड_इंटिजर’चा आहे, आणि त्याला बाइटचा क्रम आर्किटेक्चरकडून विचारून द्यायचा असतो.

पत्त्याचेही तसेच. टार्गेटचा पत्ता ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये ठेवला तर ६४ बिट लिनक्सवर सगळे ठीक, पण ६४ बिट विंडोजवर लाँग चारच बाइटचा असतो आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. जीडीबीत यासाठी ‘कोअर_ॲड्र’ हा वेगळा प्रकार आहे, आणि तो छापायला ‘पीॲड्रेस’ हे फंक्शन. बिग-एंडियन मशीन हाताशी नसले तरी हा तपास थांबत नाही. पॅचमधल्या अधिक चिन्हाच्या ओळींत ‘साइझऑफ’, ‘मेमकॉपी’, ‘अनसाइन्ड लाँग’, ‘%एलएक्स’ आणि पॉइंटरचा कास्ट शोधा. जिथे सापडेल तिथे वरचा प्रश्न विचारा. ‘इनेबल-टार्गेट्स=ऑल’ देऊन एकदा बिल्डही करा; एखाद्या फंक्शनचे आर्ग्युमेंट बदलले आणि एआरएमच्या फाइलमध्ये जुनेच राहिले, असे त्यात उघडे पडते.

दुसरी जागा एक्सेप्शनची. जीडीबीत चूक झाली की ‘जीडीबी_एक्सेप्शन_एरर’ फेकला जातो आणि वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबले की ‘जीडीबी_एक्सेप्शन_क्विट’. दोन्हींचा मूळ प्रकार ‘जीडीबी_एक्सेप्शन’. पॅचमध्ये तो मूळ प्रकारच पकडून गप्प गिळला असेल तर कंट्रोल-सीही गिळले जाते. मोठ्या कोअर फाइलवर (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीच्या नकलेवर) कमांड लटकते, माणूस कंट्रोल-सी दाबत राहतो आणि काहीच होत नाही. इथे बहुतेक वेळा फक्त एरर पकडणे अपेक्षित असते. रिव्ह्यूत तसे स्पष्ट लिहा.

तिसरी जागा आयुष्याची, म्हणजे पॉइंटरच्या. स्टॅकवरच्या फ्रेमची (एकेका फंक्शन-कॉलच्या नोंदीची) कॅशे जीडीबी वाटेल तेव्हा टाकून देतो: एखादा प्रिंट करताना प्रोग्राममधले फंक्शन चालवावे लागले, तरी पुरे. म्हणून २०२२ पासून ‘फ्रेम_इन्फो_पीटीआर’ हे वेष्टन आले. ते कॅशे गेल्यावर फ्रेम पुन्हा शोधून देते. त्यातून उघडा पॉइंटर काढून तो पुढे वापरणारा पॅच संशयास्पद समजा. सिंबॉलचेही (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नावांच्या नोंदींचेही) आयुष्य कमी असते. तपासायची सोपी युक्ती अशी आहे: जीडीबी चालू ठेवा, दुसऱ्या टर्मिनलवर प्रोग्रामचा सोर्स बदलून पुन्हा कंपाइल करा, आणि जीडीबीत परत ‘रन’ करा. नवी फाइल वाचताना जुने सिंबॉल मोकळे होतात. पॅचने त्यांचा पॉइंटर कुठे धरून ठेवला असेल तर क्रॅश तिथेच मिळतो.

टेस्टकडे आता वळतो, कारण विद्यार्थ्यांच्या रिव्ह्यूची खरी किंमत इथे आहे. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला पोत्यावरचा पिवळेपणा बघून कोणी भाव लावत नाही. हळकुंड मोडून आतला रंग बघतात. टेस्टही मोडूनच बघायची. पॅच पूर्ण लावा, टेस्ट पास होते ते बघा. मग ‘गिट चेकआउट’ने फक्त सोर्सच्या फाइल जुन्या आवृत्तीवर न्या, टेस्टची फाइल नवी तशीच ठेवा, पुन्हा बिल्ड करा आणि तीच टेस्ट चालवा. आता ती पडलीच पाहिजे. पडली नाही तर ती टेस्ट काहीच तपासत नाही, आणि एवढ्या एका निरीक्षणाने रिव्ह्यू सार्थकी लागतो.

न पडण्याचे नेहमीचे कारण ढिला पॅटर्न. ‘प्रिंट एक्स’चे उत्तर १ यावे म्हणून कोणी ‘डॉट-स्टार १ डॉट-स्टार’ असा पॅटर्न लिहितो (‘डॉट-स्टार’ म्हणजे तिथे काहीही चालेल). जीडीबी उत्तर देतो ‘$१ = ५’. टेस्ट पास! त्या डॉलरपुढचा १ हा व्हॅल्यू हिस्टरीचा क्रमांक आहे, उत्तर नव्हे. तसेच ‘जीडीबी_टेस्ट’ हे टेस्ट लिहायचे फंक्शन पॅटर्नचा शेवट प्रॉम्प्टला बांधते, सुरुवात मोकळी सोडते. म्हणून नुसते ‘५’ लिहिले तर १५ आणि २५ दोन्ही चालतात. आणि टाइप केलेल्या कमांडचा प्रतिध्वनीही त्याच बफरमध्ये येतो. ‘प्रिंट एआरआर[१]’ मधला १ सुद्धा जुळून जाईल. पॅटर्न ‘= १’ असा बरोबरीच्या चिन्हापासून लिहायचा; डॉट आणि डॉलर ही चिन्हे जशीच्या तशी हवी असतील तर एस्केप करायचे.

सोर्समधला ओळ क्रमांक टेस्टमध्ये आकड्याने लिहिलेला नसावा. कोणी वर लायसन्सची एक ओळ वाढवली की सगळे सरकते. सी फाइलमध्ये कॉमेंटची खूण ठेवून ‘जीडीबी_गेट_लाइन_नंबर’ वापरायचे. टेस्टची नावे एकमेकांपासून वेगळी असावीत, नाहीतर समरीत ‘डुप्लिकेट’ येते आणि कोणती पडली ते शोधायला लॉग उपसावा लागतो.

साध्या बोर्डवर पास झाली म्हणून थांबू नका. ‘रनटेस्टफ्लॅग्ज’मध्ये ‘टार्गेट_बोर्ड=नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर’ देऊन पुन्हा चालवा. तिथे थेट ‘रन’ लिहिलेली टेस्ट अडकते, म्हणून ‘रनटू_मेन’ वापरायचे असते. प्रोग्रामने छापलेला मजकूरही जीडीबीच्या टर्मिनलमधून येत नाही. त्यानंतर ‘मेक चेक-रीड१’. यात एक्सपेक्टला (पॅटर्न जुळवणाऱ्या प्रोग्रामला) आउटपुट एकेक अक्षर दिले जाते. पॅटर्न अर्ध्या ओळीवरच जुळत असेल तर तो वेगवान मशीनवर लपतो आणि इथे सापडतो. लोडखाली असलेल्या सर्व्हरवर महिन्यातून एकदा पडणाऱ्या टेस्टचे मूळ बहुधा हेच असते.

‘केफेल’ आणि ‘एक्सफेल’ यांची गल्लत खपवून घेऊ नका. जीडीबीचाच बग माहीत आहे आणि त्याला बगझिलाचा (बगच्या नोंदवहीचा) क्रमांक आहे, तर केफेल. दोष कंपायलरचा किंवा कर्नलचा असेल, तर एक्सफेल. लाल रंग घालवायचा म्हणून यातले काहीही लावणे म्हणजे गळक्या छताला रंग देणे.

कमिट मेसेज शेवटी वाचतात, तो खरे तर आधी वाचावा. ‘काय बदलले’ हे डिफ सांगतोच. ‘आधी काय होत होते, का होत होते, हाच उपाय का’ हे तिथे हवे. जमल्यास आधीचे आणि नंतरचे जीडीबी सेशन चिकटवलेले असावे. जीडीबीच्या फोल्डरला २०२१ पासून चेंजलॉगची वेगळी नोंद लागत नाही, म्हणून हा मेसेजच एकमेव इतिहास आहे. नवी कमांड असेल तर मॅन्युअलचा टेक्सइन्फो भाग आणि ‘न्यूज’ फाइल हवी. मशीन इंटरफेसच्या आउटपुटमध्ये, पायथनच्या ॲट्रिब्यूटमध्ये किंवा रिमोट प्रोटोकॉलच्या पॅकेटमध्ये बदल असेल तर थांबा: यांच्यावर बाहेरचे एडिटर आणि स्क्रिप्ट उभे आहेत. नवे फील्ड जोडता येते. जुन्याचे नाव बदलले की कुठेतरी कोणाचे तरी मोडते.

शेरा लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकवा: हे दुरुस्त झाल्याशिवाय घेऊ नये, आणि हे जमले तर बरे. ‘कोड चांगला वाटत नाही’ हा शेरा नव्हे. ‘अमुक फंक्शनमध्ये लांबी होस्टच्या क्रमाने वाचली आहे, बिग-एंडियन टार्गेटवर चुकेल’ हा शेरा. समोरचा माणूस बहुधा नोकरी सांभाळून संध्याकाळी लिहिणारा असतो, हे ध्यानात असू द्यावे. चॅटबॉटला पॅच देऊन आलेला निबंध पुढे ढकलणे तर मुळीच नको. त्यात पॅचचे गोड वर्णन असते, आणि कोणी काही चालवून बघितलेले नसते.

विद्यार्थी ‘अप्रूव्हड-बाय’ देऊ शकत नाही. तो अधिकार ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये नाव असलेल्यांचा. पण ‘टेस्टेड-बाय’ कोणीही देऊ शकतो, अट एवढीच की काय, कुठे आणि कसे चालवले ते सोबत लिहावे. तपास खरोखर सखोल असेल तर ‘रिव्ह्यूड-बाय’ही. ही नावे कमिटमध्ये कायमची राहतात. प्रकल्पात ‘नाव लागले पाहिजे’ असा आपला आग्रह असेल, तर तो या मार्गानेही पुरा होतो.

रिव्ह्यू करता करता एखाद्याला स्वतःचा पॅच सुचेलच; सुचावा. तेव्हा कागदाची एक अडचण आहे, ती आधी माहीत असू द्या. जीडीबीत साधारण पंधरा ओळींपेक्षा मोठा बदल घ्यायचा तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो. मालकी हक्कात संस्थेचा दावा नाही, असा कागद महाविद्यालयाकडूनही मागितला जाऊ शकतो. तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर सही विना पडून राहिला की मुलाचे सेमिस्टर संपते. कोणी सही करायची, हे आजच ठरवून ठेवा. आणि ज्या कोडची प्रत्येक ओळ विद्यार्थ्याला तोंडी समजावता येत नाही, त्याच्या मालकीवर त्याला सही करायला लावू नका.

मार्कांचे एक गणित सुचवतो, पटेल तसे फिरवा. ५० पैकी १० मार्क बिल्ड आणि कोऱ्या मास्टरच्या यादीला. १० मार्क टेस्ट मोडून बघितल्याच्या लॉगला. २० शेऱ्यांना, इथे संख्या मोजू नका, कोड चालवून सिद्ध केलेला एक शेरा शैलीच्या दहा शेऱ्यांवर भारी धरा. उरलेले १० दुसऱ्या आवृत्तीच्या फेरतपासणीला: ‘गिट रेंज-डिफ’ काढून आपले मुद्दे खरेच मिटले का ते बघणे. पॅच घेतला गेला की नाही याला शून्य मार्क. चांगल्या रिव्ह्यूने वाईट पॅच परत गेला, तर तो रिव्ह्यू पूर्ण मार्कांचा.

मुले दोघादोघांच्या जोडीने बसवा, एकाने चालवायचे आणि एकाने वाचायचे. पहिला पॅच ५० ओळींच्या आतला, टेस्टसूटमधला घ्यावा. फ्रेम आणि थ्रेडच्या वाटेला पहिल्याच आठवड्यात जाऊ देऊ नये. सुरुवातीचे दोन शनिवार सांगली किंवा कराडला येऊन शेजारी बसायची आमची तयारी आहे, मानधन नको. आपल्याकडून दोन गोष्टी लागतील. लॅब असिस्टंटला वर लिहिलेली पॅकेजेस आधी घालून ठेवायला सांगा, एक्सपॅट आणि पायथनसकट. आणि टेस्टसूट लागलेला असताना पाच वाजले म्हणून मेन स्विच पाडू नये, एवढे त्यांच्या कानावर घाला.

आपले,
सांगली, मिरज आणि कराड परिसरात डीबगर व कंपायलरवर काम करणारे काही जण